दोन गट, एक चाल: निषिद्ध प्रेमाची विनोदी संगीतिका कशी लिहावी

दोन समाजांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेले वैर, त्या वैराच्या दोन बाजूंना जन्मलेली दोन तरुण माणसे आणि त्यांच्या प्रेमाला दोन्ही घरांतून होणारा विरोध ही कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की नव्याने लिहू लागलेल्याला ती हाती घेताना संकोच वाटावा. हा संकोच सोडून द्यावा. वैर जोवर मोडीत निघत नाही तोवर ही कथा शिळी होत नाही. शिळी होते ती तिची मांडणी. शोकांतिका आपल्याला प्रेमिकांसाठी रडायला लावते. विनोदी संगीतिका आपली नजर त्या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या भिंतीकडे वळवते आणि ती भिंत रोज लिंपून, डागडुजी करून, पहारा देऊन उभी ठेवण्यासाठी शहाणीसुरती माणसे किती कष्ट उपसतात हे गाऊन दाखवते. उपहासाचा रोख या कष्टांवर असावा. तो प्रेमिकांवर गेला तर प्रेक्षक त्यांना सोडून देतो आणि कुणाच्या चालीरीतींवर गेला तर लेखक स्वतःच भिंतीवर एक वीट चढवतो. हा रोख सांभाळणे हेच या प्रकारातले मुख्य काम आहे आणि ते शब्दांच्या आधी चालीत साधावे लागते, असे माझे मत आहे.

पहिला प्रयत्न वीस ते तीस मिनिटांचा आणि पाच-सहा गाण्यांचा ठेवावा. दोन-अडीच तासांचा आवाका नंतर घेता येईल. पुढील पायऱ्या अशा छोट्या संगीतिकेला धरून सांगितल्या आहेत.

पहिली पायरी: वैर निवडणे

वैर जिवंत असले पाहिजे. ज्या भांडणाची धग आज कुणालाच लागत नाही त्यावर केलेला विनोद निरुपद्रवी होतो आणि प्रेक्षक सौजन्य म्हणून हसतो. या बाबतीत एक इतिहास नवोदितांनी लक्षात ठेवावा. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन आणि लेखक आर्थर लॉरेंट्स यांच्यापुढे न्यूयॉर्कमधल्या कॅथलिक आणि ज्यू कुटुंबांतील प्रेमकथेची कल्पना मांडली होती. विचार करता करता ही जोडी जुनी झाल्याचे त्यांना जाणवले, कारण ‘एबीज आयरिश रोझ’ या १९२२ च्या विनोदी नाटकाने ज्यू मुलगा आणि आयरिश कॅथलिक मुलगी यांची गोष्ट सांगून दोन हजारांहून अधिक प्रयोग केले होते. काम मागे पडले. १९५५ मध्ये तरुणांच्या टोळ्यांमधील मारामाऱ्यांच्या बातम्या वाचल्यावर त्यांना नवी जोडी सापडली, आणि १९५७ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त पोर्तो रिकोहून आलेली मुले आणि शहरातली गोरी मुले एकमेकांसमोर उभी राहिली. ती संगीतिका विनोदी नाही, शोकांतच आहे, पण जोडी निवडण्याचा धडा दोन्ही प्रकारांना सारखाच लागू पडतो.

वैर निवडल्यावर ते कोणत्या आकारात दाखवायचे ते ठरवावे. विनोदाला मोठे भांडण पेलत नाही. ते एका खोलीत, एका दुकानात, एका दारात मावेल इतके आक्रसून घ्यावे लागते. दिग्दर्शक एरी सँडेल यांचा ‘वेस्ट बँक स्टोरी’ हा २००५ चा लघुपट याचे ठळक उदाहरण आहे. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यातला संघर्ष त्यात फलाफल (चण्यांचे तळलेले गोळे) विकणाऱ्या दोन शेजारी-शेजारी दुकानांच्या स्पर्धेत आणून बसवला आहे आणि इस्रायली सैनिक व पॅलेस्टिनी दुकानातली मुलगी यांचे प्रेम जेमतेम एकवीस मिनिटांत गाऊन सांगितले आहे. त्याला २००७ मध्ये सर्वोत्तम लघुपटाचे ऑस्कर मिळाले. दुकानाचा आकार घेतल्यामुळे दोन्ही मालकांचा अभिमान, हेवा आणि शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकांवर सारखे लक्ष ठेवण्याची सवय एका दृष्टिक्षेपात दिसू शकते, आणि ती प्रत्येकाने स्वतःच्या आसपास पाहिलेली असते.

मात्र आकार आक्रसताना एक धोका असतो आणि त्याबद्दल मी आग्रहाने सांगू इच्छितो. दोन शेजारी दुकाने दाखवली की दोन्ही बाजू सारख्या बळाच्या आहेत असे आपोआप सुचवले जाते. प्रत्यक्षात एका बाजूच्या हाती कायदा, पैसा किंवा शस्त्र असेल आणि दुसरीच्या हाती काहीच नसेल, तर ही समानता खोटी ठरते आणि दुबळ्या बाजूचा प्रेक्षक ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. अशा वेळी बळातला फरक छोट्या आकारातही दिसलाच पाहिजे. उदाहरणार्थ, एका दुकानाची किल्ली दुसऱ्या दुकानदाराकडे असावी आणि ती रोज सकाळी मागून आणावी लागावी. त्या मागण्यातून विनोद निर्माण होईल, पण तो किल्ली अडवून बसणाऱ्यावर होईल.

दुसरी पायरी: भिंतीला पात्र करणे

रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात पिरामस आणि थिस्बी हे प्रेमिक भिंतीच्या फटीतून बोलतात. शेक्सपिअरने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या एका सुखात्मिकेत ही करुण कथा हौशी कारागिरांच्या मंडळीकडून सादर करवली, तेव्हा त्यातल्या भिंतीचे काम एका माणसाला दिले. तो अंगाला चुना-माती फासून येतो, आपण भिंत असल्याचे सांगतो आणि बोटे फाकवून फट दाखवतो. प्रेक्षकाचे लक्ष तत्काळ भिंतीवर जाते. आपल्याला हेच करायचे आहे. जी गोष्ट दोन गटांना वेगळे ठेवते ती बोलकी, दिसणारी आणि शक्यतो ऐकू येणारी असावी, म्हणजे संगीताला तिचा उपयोग होईल.

येथून पुढे एक कल्पित कथानक आपण बरोबर नेऊ. एका वस्तीत दोन गट आहेत आणि त्यांचे दोन मनोरे आहेत. एका मनोऱ्यावरचे घड्याळ दुसऱ्यापेक्षा दहा मिनिटे पुढे आहे. खरी वेळ कोणती, याचा निकाल लागलेला नाही आणि तो लागावा असे कुणालाच वाटत नाही. पहिल्या गटाला ‘आधीवाले’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘नंतरवाले’. आधीवाल्यांच्या मते नंतरवाले जन्मजात आळशी आहेत. नंतरवाल्यांच्या मते आधीवाले जन्मजात उतावळे आहेत. मधला चौक वाटून घेण्याचा करार आजोबांच्या पिढीत झाला असून त्यानुसार संध्याकाळी सातपर्यंत चौक आधीवाल्यांचा आणि सातनंतर नंतरवाल्यांचा असतो. आधीवाले त्यांच्या घड्याळात सात वाजताच निघून जातात आणि नंतरवाले त्यांच्या घड्याळात सात वाजल्यावरच येतात. मधली दहा मिनिटे चौक कुणाचाच नसतो.

प्रेमिकांची भेट कुठे होणार हे एवढ्यावरून वाचकाच्या ध्यानात आले असेल. चांगल्या भिंतीची हीच परीक्षा आहे: तिच्या नियमातूनच फट निघाली पाहिजे. नियम कडक, फट त्या नियमाचीच, आणि ती फट कुणी मुद्दाम ठेवलेली नाही, असे जुळले म्हणजे पुढचे प्रसंग शोधावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात. नियम पहिल्या तीन-चार मिनिटांत, पहिल्याच गाण्यात सांगून टाकावा आणि तो मोडल्यास काय भोगावे लागते तेही तिथेच सांगावे. किंमत नसेल तर प्रेम निषिद्ध राहत नाही.

तिसरी पायरी: प्रेमिकांना अक्कल आणि खोड दोन्ही देणे

नवोदितांच्या संहितेत प्रेमिक बहुधा निर्मळ, समंजस आणि सगळ्या पूर्वग्रहांच्या पलीकडे गेलेले असतात. असे प्रेमिक गोड दिसतात, पण त्यांना गायला काही उरत नाही. आपल्या कथेतली मुलगी आधीवाल्यांची लेक आहे आणि नंतरवाले आळशी असतात हे तिनेही लहानपणापासून ऐकले आहे. पहिल्या भेटीत ती सातला येते, दहा मिनिटे थांबते आणि रागाने निघून जाते. मुलगा ठीक सातला येतो, त्याच्या सातला. समोर कुणीच नसते. दोघेही आपापल्या घरी जाऊन हेच म्हणतात की लोक सांगतात ते खोटे नाही. आता या दोघांना एकमेकांपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःच्या डोक्यातले काहीतरी सोडावे लागेल, आणि ते सोडण्याची पायरी म्हणजेच त्यांचे गाणे.

मात्र त्यांच्या प्रेमाची थट्टा करू नये. ती दोघे गोंधळतील, चुकतील, खोटे बोलताना पकडली जातील आणि त्यावर प्रेक्षक हसेल; परंतु त्यांना एकमेकांची ओढ आहे, या गोष्टीवर संहितेत कुठेही शंका येता कामा नये. सगळ्या गदारोळात एवढी एकच गोष्ट खरी असली म्हणजे बाकीचे खोटेपण उठून दिसते.

चौथी पायरी: गाण्यांच्या जागा आणि एकच चाल

संगीतिकेत पात्र गाऊ लागते ते बोलणे अपुरे पडते तेव्हा, असे सामान्यतः सांगितले जाते. विनोदी संगीतिकेत आणखी एक जागा असते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते: पात्र स्वतःची समजूत घालत असते तेव्हा. बोलताना माणूस अडखळतो, पण ठेक्यावर चढला की तो आपल्याच म्हणण्याच्या भरात वाहत जातो आणि जे बोलायला धजला नसता ते ठामपणे गाऊन बसतो. गटाचा अभिमान अशाच भरात उघडा पडतो.

पाच गाण्यांची रचना करायची झाल्यास पहिले गाणे दोन्ही गटांच्या बढाईचे, दुसरे प्रेमिकांच्या चुकामुकीचे, तिसरे त्यांच्या दहा मिनिटांचे, चौथे वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचे आणि पाचवे सगळे एकत्र येण्याचे, अशी वाटणी करता येते. हा क्रम बदलता येईल. बदलू नये अशी एकच गोष्ट आहे: दोन्ही गटांना बढाईसाठी एकच चाल द्यावी.

ही कल्पना वरवर सोपी वाटते, म्हणून ती जरा जवळून पाहू. आधीवाले केहरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या, ठेक्यात आठ आवर्तनांचे (ठेका आठदा पूर्ण फिरेल इतके) गाणे म्हणतात:

आमचे सात वाजले, तुमचे वाजायचे,
आळशांकडून आम्ही काय शिकायचे?

ते थांबतात. पाठोपाठ नंतरवाले येतात आणि त्याच चालीवर म्हणतात:

आमचे सात वाजायचे, तुमचे वाजले,
उतावळ्यांचे कधी कुठे भले झाले?

येथपर्यंत प्रेक्षकाला केवळ जुगलबंदी दिसते. तिसऱ्या वेळी मात्र आधीवाल्यांनी गाणे सुरू करावे आणि दोन आवर्तने उलटल्यावर नंतरवाल्यांनी तीच चाल सुरुवातीपासून उचलावी, म्हणजे एकच चाल स्वतःचाच पाठलाग करू लागेल. पाश्चात्त्य संगीतात या रचनेला कॅनन म्हणतात. आपल्या कथानकात ती शोभेची नाही, कारण दोन घड्याळांमधले अंतर येथे कानांना ऐकू येते: माणसे तीच, सूर तेच, फक्त सुरुवात मागेपुढे. शब्दांत कुणीही ‘तुम्ही सारखेच आहात’ असे म्हणत नाही आणि तसे म्हणूही नये, कारण चालीने ते आधीच सांगितले आहे.

कॅननसाठी चाल बांधताना एक पथ्य पाळावे लागते. दोन आवर्तनांचे अंतर ठेवायचे असेल, तर कोणत्याही आवर्तनाच्या समेवरचा, म्हणजे पहिल्या मात्रेवरचा, सूर त्यानंतर दोन आवर्तनांनी येणाऱ्या समेवरच्या सुराशी जुळणारा हवा. पहिल्याची सम षड्जावर (सा) असल्यास तिसऱ्याची गंधारावर (ग) आणि पाचव्याची पंचमावर (प) ठेवावी. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्यासाठीही असाच हिशेब करावा. मधल्या मात्रांवर थोडी ओढाताण झाली तरी बिघडत नाही, किंबहुना भांडणाच्या गाण्याला ती शोभते, पण समेवर कान दुखता कामा नये. पेटीवर स्वतः एक चाल वाजवून दुसऱ्याला दोन आवर्तनांनी ती गायला सांगावे. दहा मिनिटांत दोष कळून येतात. आणखी एक गोष्ट म्हणजे दोन गट एकदम गाऊ लागले की शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून शब्द आधीच्या दोन फेऱ्यांमध्ये प्रेक्षकाच्या कानावर स्वच्छ पडलेले असावेत. कॅनन सुरू झाल्यावर नवा शब्द आणू नये.

तिसऱ्या गाण्यात, रिकाम्या चौकात, प्रेमिकांना हीच चाल द्यावी. ठेका केहरव्याऐवजी सहा मात्रांचा दादरा घ्यावा, लय निम्म्याने उतरवावी, साथीला एकच वाद्य ठेवावे. बढाईच्या गाण्याची चाल आहे हे प्रेक्षकाला पहिल्या ओळीला कळणार नाही, दुसऱ्या ओळीला संशय येईल आणि तिसऱ्या ओळीला ओळख पटेल. शब्द साधे ठेवावेत:

तुझे सात, माझे सात, मधे मिनिटे दहा,
तेवढ्याच वेळापुरते माझ्यापाशी राहा.

पहिली फेरी मुलीने म्हणावी, दुसरी मुलाने, आणि तिसरी दोघांनी एकाच क्षणी सुरू करावी. संपूर्ण संगीतिकेत ही चाल दोन्ही बाजूंच्या तोंडून एकाच क्षणी सुरू होण्याचा हा पहिला प्रसंग असतो. येथे विनोद करू नये. प्रेक्षक हसता हसता गप्प होतो तो अशा जागी, आणि त्यासाठी आधीच्या पंधरा मिनिटांत चाल त्याच्या अंगवळणी पडलेली असावी लागते.

पाचवी पायरी: शब्द

मराठीत गंमतीचे गाणे लिहिताना वाक्यरचना आपल्या विरोधात जाते, कारण आपले वाक्य क्रियापदावर संपते आणि हशा आणणारा शब्द बहुधा नाम असतो. ‘मधे दहा मिनिटे असतात’ असे लिहिले तर ओळ ‘असतात’वर विझून जाते. क्रियापद गाळून किंवा पुढे ओढून महत्त्वाचा शब्द ओळीच्या टोकाला, समेवर आणावा. दुसरा सापळा यमकाचा आहे. ‘वाजले, झाले, गेले, आले’ अशी क्रियापदांची यमके हवी तितकी मिळतात आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याला आधीच कळलेली असतात. वर बढाईच्या गाण्यात मी अशीच यमके मुद्दाम ठेवली आहेत, कारण घोषणा देणाऱ्या गटाला घासून गुळगुळीत झालेले यमक शोभून दिसते. प्रेमिकांच्या ओठी मात्र ‘दहा’ आणि ‘राहा’ यांसारखे, एक अंक आणि एक विनवणी जोडणारे यमक द्यावे. कोण गात आहे हे यमकावरूनही कळले पाहिजे.

हशासाठी जागा सोडावी. जोरदार ओळीनंतर लगेच पुढची ओळ आली तर ती हशात बुडते, म्हणून किमान अर्धे आवर्तन केवळ वाद्यांना द्यावे. प्रेक्षक हसला नाही तरी ते अर्धे आवर्तन रिकामे वाटत नाही. विनोदी ओळ समूहाला देऊ नये, एकट्याला द्यावी. समूहाने तिची शेवटची दोन अक्षरे उचलून धरावीत.

एखाद्या समाजाच्या पूजेचे, शोकाचे किंवा प्रार्थनेचे संगीत विडंबनासाठी घेऊ नये. त्या सुरांत ज्यांनी आपली माणसे पोचवली आहेत त्यांना पुढचे काहीही ऐकू येत नाही. नाचाची, कामाची, मिरवणुकीची गाणी घ्यावीत आणि त्या परंपरेतला जाणकार सोबत असल्याशिवाय तीही घेऊ नयेत.

सहावी पायरी: वडीलधारी माणसे

रोमन सुखात्मिकांपासून, म्हणजे प्लॉटस आणि टेरेन्स या नाटककारांच्या काळापासून, तरुणांच्या प्रेमाला आडवा येणारा म्हातारा विनोदाचा हक्काचा धनी राहिला आहे. त्याला केवळ खाष्ट ठेवले तर तो बुजगावणे होतो. १९६४ च्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेतला बाप आपल्या तीन मुलींच्या बाबतीत कसा वागतो ते अभ्यासावे. पहिली मुलगी परंपरेला एक पाऊल ओलांडते, दुसरी दोन पावले, आणि दोन्ही वेळा बाप ‘एकीकडे असे, दुसरीकडे तसे’ असा मनाशी तोल साधत, हसवत, होकारापाशी येतो. तिसरी परधर्मीय मुलाशी लग्न करते तेव्हा तोच तोल मोडतो आणि आतापर्यंत हसवणारी सवय काळजाला लागते. पुनरावृत्तीतून हसवणे आणि तिसऱ्या वेळी तीच पुनरावृत्ती अडवणे हे तंत्र छोट्या संगीतिकेतही वापरता येते.

आपल्या कथेत मुलीचा बाप मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली देणारा आहे. रोज किल्ली देताना त्याला आपल्या दिवंगत वडिलांची आठवण येते. उपदेशाच्या गाण्यात तो लेकीला घड्याळाचे महत्त्व सांगू लागतो आणि नकळत आपल्या वडिलांबद्दलच गात राहतो. त्याला नंतरवाल्यांचा द्वेष कसा लागला हे तेवढ्यात कळते, आणि तो त्यांच्यापैकी एकालाही कधी भेटलेला नाही, हेही.

द्वेष शिकवावा लागतो, हा विचार गाण्यातून उघड मांडायचा की असाच झिरपू द्यायचा, हा निर्णय लेखकाने विचारपूर्वक घ्यावा. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी १९४९ च्या ‘साउथ पॅसिफिक’मध्ये तो एका गाण्यात उघडपणे मांडला. ते गाणे काढून टाकावे असा सल्ला त्यांना मिळाला होता, तो त्यांनी मानला नाही. आणि पुढे १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या काही आमदारांनी त्या गाण्याला आक्षेप घेत अशा कलाकृतींना बंदी घालण्याची भाषा केली. त्या गाण्याला बळ आले ते त्याच्या जागेमुळे. ते गाणारा अधिकारी स्वतःच परवंशीय मुलीवर प्रेम करूनही तिच्याशी लग्न करायला कचरलेला असतो, त्यामुळे त्या ओळी उपदेश न राहता कबुली होतात. उघड विधान करायचेच असेल तर ते अपराध्याच्या तोंडी द्यावे.

सातवी पायरी: वाचन आणि हशाची तपासणी

संहिता अर्धी झाली की थांबून वाचन करावे आणि त्याला दोन्ही समाजांतली माणसे बोलवावीत, कारण एकाच बाजूच्या श्रोत्यांपुढे कोणताही विनोद यशस्वी ठरतो. वाचनाआधी संहितेतली प्रत्येक हशाची जागा तीन रंगांनी खूण करून ठेवावी: भिंतीवर आणि तिच्या राखणदारांवर होणारा विनोद एका रंगात, प्रसंगातल्या गोंधळावरचा दुसऱ्या, आणि कुणाच्या जन्मजात ओळखीवर, म्हणजे बोलण्याच्या ढबीवर, रंगरूपावर, श्रद्धेवर होणारा तिसऱ्या. तिसरा रंग जिथे दिसेल ती ओळ काढण्याची तयारी ठेवावी, मग ती कितीही हशा घेत असो.

माझ्या सुरुवातीच्या एका संहितेत प्रेमिकांचे निरोप पोचवणारा एक मध्यस्थ होता आणि मी त्याला दुसऱ्या समाजाची मोडकीतोडकी बोली दिली होती. वाचनात त्याच्या प्रत्येक वाक्याला लोक हसले आणि मी खूश झालो. त्या बोलीत वाढलेल्या एक बाई मात्र कोपऱ्यात बसून शांतपणे पाने उलटत होत्या. वाचन संपल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, “या माणसाला स्वतःला काय हवे आहे, हे यात कुठे आहे?” ते कुठेच नव्हते. मी बोलीची गंमत काढून टाकली आणि त्या मध्यस्थाला एक लहानसे गाणे दिले, ज्यात तो दोन्ही गटांच्या घरी निरोप नेता नेता स्वतःचे पत्र कुणालाच लिहू शकत नाही, हे सांगतो. पुढच्या वाचनात त्याला पहिल्यापेक्षा जास्त हशा मिळाला आणि त्या बाईही हसल्या. तेव्हापासून वाचनाच्या वेळी मी संहितेकडे कमी आणि न हसणाऱ्यांकडे जास्त पाहतो.

वाचनात गाणी म्हणून दाखवता आली नाहीत तरी ठेक्यात वाचावीत. ठेका धरल्याशिवाय वाचलेली विनोदी ओळ तिच्या अर्ध्या वजनाची असते आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

आठवी पायरी: शेवट

विनोदी संगीतिकेचा शेवट प्रेमिकांच्या मिलनाने होतो, परंतु त्या मिलनाने वैर मिटले असे दाखवणे हे खोटे असते आणि प्रेक्षकाला ते पटत नाही. वैर तसेच ठेवून मिलन दाखवले, तर मात्र सगळा उपहास वाया गेल्यासारखा वाटतो. यातून मार्ग काढण्यासाठी भिंतीच्या नियमाकडे परत जावे आणि तो नियम उलटा चालवून पाहावा.

आपल्या कथेत प्रेमिक पकडले जातात, दोन्ही गटांची बैठक बसते आणि बऱ्याच आरडाओरड्यानंतर दोन्ही बाजू, एकमेकींना न विचारता, मोठ्या मनाने माघार घ्यायचे ठरवतात. त्या रात्री आधीवाले आपले घड्याळ दहा मिनिटे मागे करतात. त्याच रात्री नंतरवाले आपले घड्याळ दहा मिनिटे पुढे करतात. दुसऱ्या दिवशी अंतर तेवढेच असते, फक्त बाजू बदललेल्या असतात, आणि प्रत्येक गट काल ज्याला मूर्खपणा म्हणत होता त्याचेच समर्थन करू लागतो. बढाईचे गाणे पुन्हा येते; शब्द अदलाबदल झालेले असतात आणि या वेळी कॅनन नंतरवाले सुरू करतात.

आता करार पाहावा. चौक सातपर्यंत आधीवाल्यांचा आणि सातनंतर नंतरवाल्यांचा, यात बदल झालेला नाही. परंतु आधीवाल्यांचे सात आता उशिरा वाजतात आणि नंतरवाल्यांचे लवकर, त्यामुळे पूर्वी जी दहा मिनिटे चौक ओस पडत असे, तीच दहा मिनिटे दोन्ही गट करारानुसार, पूर्ण हक्काने, एकाच चौकात उभे असतात आणि कुणालाही हलता येत नाही. प्रेमिकांची लपण्याची जागा गेली आहे, आणि लपण्याची गरजही उरलेली नाही, कारण त्या गर्दीत कोण कुणाशेजारी उभे आहे हे पाहायला कुणालाच सवड नाही.

मंचावर हे बसवताना दोन्ही गटांना समोरासमोर न ठेवता एकमेकांत मिसळून उभे करावे, कॅनन चालू ठेवावे आणि प्रेमिकांना मध्यभागी, पण प्रकाशझोत न देता, दादऱ्याच्या मंद लयीतला आपला दुहेरी स्वर त्याखालून धरू द्यावा. गटांचा आवाज एकेक माणसाने कमी होत जावा, कुणी ऐकायला थांबले म्हणून आणि कुणी दम लागला म्हणून. शेवटी केवळ मुलीचा बाप बढाईची ओळ गात राहावा, त्याने समेवर येण्याआधी शेजारी पाहावे, आणि मनोऱ्यावर सातचा पहिला ठोका पडताच अंधार करावा.